परतीच्या वाटेचा पत्ता

छोट्या कचेऱ्यांमध्ये नेहमी घडणारा प्रसंग. कल्याणला राहणारी अकाउंटंट रात्री घरून ऑफिसच्या टॅलीत व्हाउचर टाकायला बसते. व्हीपीएनवर क्लिक करते, नाव-पासवर्ड देते, ‘कनेक्टेड’ अशी पाटी येते. मग ती ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता टाकते, १९२.१६८.१.१०, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. पासवर्ड बरोबर आहे, व्हीपीएनचा बोगदा उभा आहे, ऑफिसचा सर्व्हरही चालू आहे. फोनाफोनी होते, सगळे एकदा बंद करून पुन्हा चालू केले जाते. बिघाड मात्र कुठल्याच यंत्रात नसतो. ऑफिसचे जाळे १९२.१६८.१ या मालिकेत आहे आणि घरचा वायफाय राउटरही नेमके त्याच मालिकेतले पत्ते वाटतो. त्यामुळे लॅपटॉप समजतो की १९२.१६८.१.१० हे याच घरातले यंत्र आहे. तो हॉलमध्येच हाका मारत राहतो, बोगद्याकडे वळतच नाही.

रिमोट ॲक्सेस सर्व्हर म्हटले की चर्चा कूटलेखनाची होते, पासवर्डची होते, कोणता प्रोटोकॉल चांगला याची होते. ती व्हायलाच हवी. पण जोडणी होऊनही काम होत नाही, अशा तक्रारींचा माग काढत गेले की हात बहुधा पत्त्यांवर येऊन थांबतो. कोणत्या कार्डाला कोणता पत्ता, गेटवे कुणाला, बाहेरून येणाऱ्याला पत्ता कुठून द्यायचा आणि त्याला दिलेले उत्तर कोणत्या वाटेने परत जाणार, हे ते प्रश्न. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. जायची वाट सगळेच तपासतात. परतीची वाट तपासायची राहून जाते.

पत्ता देण्या-घेण्याचा हा व्यवहार जुना आहे. जून १९८८मध्ये नोंदवला गेलेला ‘स्लिप’ हा नियम फोनच्या तारेवरून आयपीची पाकिटे पाठवण्यापुरताच होता. पत्त्यांची बोलणी करण्याची सोय त्यात नव्हती. दोन्ही टोकांना एकमेकांचे पत्ते आधीच माहीत असावे लागत. पुढे ‘पीपीपी’ आला आणि १९९२मध्ये त्याच्या जोडीला ‘आयपीसीपी’ नावाची वाटाघाट ठरली. तिची रीत पाहण्यासारखी आहे. फोन लावणारे यंत्र म्हणते, माझा पत्ता ०.०.०.०, म्हणजे माझ्याकडे पत्ताच नाही. सर्व्हर तो नाकारतो, आणि नाकारतानाच सांगतो की हा घे. यंत्र मग तोच पत्ता मागते आणि सर्व्हर होकार देतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या डायलअपच्या काळात मोडेमची किरकिर थांबली की पहिल्या काही क्षणांत पीपीपीवर हीच बोलणी चालत. नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस सर्व्हर कोणता, हे याच बोलण्यांत सांगण्याची सोय डिसेंबर १९९५च्या एका पुरवणीत नोंदवली गेली.

तेव्हाचा रिमोट ॲक्सेस सर्व्हर म्हणजे मोडेमची रांग लावलेले यंत्र. विंडोज एनटीमध्ये ही सेवा होतीच. १९९७मध्ये ‘स्टीलहेड’ या टोपणनावाने तिला राउटिंगची जोड मिळाली आणि विंडोज २०००मध्ये ती अंगभूत झाली. २००१मध्ये जेम्स योनान यांचे ओपनव्हीपीएन आले. मार्च २०२०मध्ये जेसन डोननफेल्ड यांचे वायरगार्ड हे व्हीपीएन लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये दाखल झाले. मोडेम गेले, रांगा गेल्या. पत्त्यांचे प्रश्न जागच्या जागी राहिले.

त्याच मार्चमध्ये भारतात या प्रश्नांना अचानक धार आली. कॉल सेंटर आणि आयटी सेवा कंपन्यांना घरून काम करू देण्यावर दूरसंचार विभागाच्या कडक अटी होत्या. १३ मार्च २०२० रोजी त्या शिथिल झाल्या, आणि ठरलेल्या ठिकाणांसाठी स्थिर आयपी पत्ता वापरून कंपन्यांना स्वतः व्हीपीएन उभारायची मुभा मिळाली. बारा दिवसांनी देश बंद झाला. हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या इमारती रिकाम्या झाल्या आणि ज्या सर्व्हरवर आजवर फिरतीवरची मोजकी माणसे येत, त्यांच्यावर सगळे ऑफिस एकदम आले. अशा वेळी सर्वांत आधी कमी पडते ते वाटायला ठेवलेल्या पत्त्यांचे भांडार.

पण भांडाराच्या आधी दारे पाहायला हवीत. नेहमीच्या रचनेत सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतात. एकाचे तोंड इंटरनेटकडे, दुसऱ्याचे ऑफिसच्या जाळ्याकडे. पहिली चूक त्यांच्या नावांतच होते. विंडोज त्यांना ‘इथरनेट’ आणि ‘इथरनेट २’ म्हणते; कोणते कोणते, हे नावावरून कळत नाही. लिनक्समध्ये वर्षानुवर्षे ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे होती आणि कार्डे कोणत्या क्रमाने सापडली यावर ती ठरत. नवे कार्ड बसवले की कालचे आतले दार आज बाहेरचे होऊ शके, आणि फायरवॉलचे नियम उलट्या दारावर लागत. जानेवारी २०१३मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे यावरून नाव देण्याची पद्धत आणली आणि हा घोळ बराच आटोक्यात आला. विंडोजवर काम दोन मिनिटांचे आहे. एक केबल काढावी, कोणत्या कार्डावर फुली येते ते पाहावे आणि दोघांना ‘बाहेर’ आणि ‘आत’ अशी सरळ नावे देऊन टाकावीत. पुढच्या प्रत्येक पायरीवर विझार्ड ‘कोणते कार्ड?’ असे विचारतो, तेव्हा ही दोन मिनिटे कामी येतात.

नंतरचा प्रश्न डिफॉल्ट गेटवेचा. गेटवे म्हणजे यंत्राला दिलेला एक निरोप असतो: ज्या पाकिटाची वाट ठाऊक नसेल ते या दाराने, अमुक राउटरकडे सोपव. असा निरोप एकाच दाराला द्यायचा असतो. पण पत्ते भरायच्या खिडकीत प्रत्येक कार्डापुढे गेटवेची रिकामी चौकट असते, आणि रिकामी चौकट भरायची सवय हाताला लागलेली असते. आतल्या कार्डावरही गेटवे भरला जातो. विंडोज इशारा देते, दोन गेटवे असतील तर नीट चालणार नाही असे सांगते. लोक ‘हो’ दाबून पुढे जातात. मग असे होते की बाहेरून आलेली विनंती बाहेरच्या कार्डाने आत येते आणि तिचे उत्तर आतल्या गेटवेकडे निघते. तिथून ते दुसऱ्याच फायरवॉलने, दुसऱ्याच पत्त्याच्या नावाने बाहेर पडते. घरी बसलेल्या माणसाचे यंत्र ज्या पत्त्याला बोलले, त्याच्याकडून उत्तर येत नाही म्हणून थांबून राहते.

नियम सोपा आहे. गेटवे फक्त बाहेरच्या कार्डावर, आतल्या कार्डाची चौकट कोरी. पण एवढ्यावर थांबले तर दुसरी अडचण उभी राहते. आतल्या कार्डाला फक्त आपल्या मजल्याची मालिका दिसते. ऑफिसच्या दुसऱ्या इमारतीत १०.२०.५ मालिका असेल तर सर्व्हर ती पाकिटेही इंटरनेटकडे सोडून देईल. म्हणून आतल्या प्रत्येक मालिकेसाठी स्वतंत्र मार्ग हाताने लिहावा लागतो, आणि तो यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर टिकेल अशा रीतीने लिहावा लागतो. विंडोजच्या ‘रूट’ आज्ञेत त्यासाठी ‘-पी’ जोडावा लागतो. तो विसरला की रचना पुढच्या अपडेटपर्यंत नीट चालते आणि नंतर एका सकाळी अर्धे ऑफिस गायब होते. महिनाभर चाललेली गोष्ट कशी बिघडली हे शोधताना या विसरलेल्या अक्षराची आठवण कुणाला पटकन होत नाही.

दोन दारांच्या यंत्राचे वागणे सगळीकडे सारखे नसते, हेही लक्षात ठेवावे लागते. विंडोजने व्हिस्टा आणि सर्व्हर २००८पासून काटेकोर पद्धत स्वीकारली: ज्या कार्डाचा पत्ता, त्याच कार्डावर त्याच्या नावाची पाकिटे. लिनक्स मुळात सैल आहे. तिथे एका कार्डाचा पत्ता दुसऱ्या कार्डावर विचारला तरी यंत्र ओ देते. उलट परतीची वाट तपासणारा ‘आरपी फिल्टर’ कडक ठेवला असेल, तर लिनक्स वेगळ्या दाराने आलेले पाकीट गुपचूप टाकून देते. शिवाय एका दारातून आलेले पाकीट दुसऱ्या दाराने पुढे सोडणे हे काम सामान्य यंत्र आपणहून करत नाही. ऑक्टोबर १९८९च्या नियमावलीनेच तसे ठरवून दिले आहे. लिनक्सवर ‘आयपी फॉरवर्ड’चा शून्याचा एक करणे ही पायरी म्हणूनच आहे. ती राहिली तर पाहुणा उंबरठ्यापर्यंत येतो, सर्व्हरला पिंग करू शकतो आणि त्यापलीकडे त्याला काहीही दिसत नाही.

आता भांडार. बाहेरून जोडला गेलेला प्रत्येक लॅपटॉप आतल्या जाळ्यात वावरण्यासाठी एक पत्ता मागतो. विंडोजच्या सर्व्हरवर तो देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत सर्व्हर ऑफिसात पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून दहा-दहाच्या गठ्ठ्याने पत्ते उचलून आणतो. पहिला स्वतःच्या ‘इंटर्नल’ नावाच्या आभासी कार्डाला ठेवतो, उरलेले वाटतो, संपले की आणखी दहा आणतो. सोय चांगली आहे. पण सेवा सुरू होताना डीएचसीपी सापडला नाही तर सर्व्हर १६९.२५४ने सुरू होणारे पत्ते वाटू लागतो. ही मालिका म्हणजे ‘मला कुणी पत्ता दिला नाही’ अशी कबुली आहे. जोडलेल्या लॅपटॉपवर ती दिसली तर पासवर्ड, प्रमाणपत्रे, फायरवॉल यांत हात घालू नये. सर्व्हर आणि डीएचसीपी यांच्यातली वाट पाहावी.

पत्ते देण्याची तऱ्हा जिथे निवडायची, त्याच पानावर खाली एक छोटी निवड असते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पाहुण्यांसाठी डीएचसीपी आणि डीएनएसचे पत्ते कोणत्या कार्डाकडून घ्यायचे, हा तो प्रश्न. तिथे ‘सर्व्हरने स्वतः निवडावे’ असे ठेवले तर दोनपैकी बाहेरचे कार्ड निवडले जाऊ शकते. मग घरून जोडलेल्या माणसाला इंटरनेट कंपनीचा डीएनएस मिळतो, ज्याला ऑफिसच्या फाइल सर्व्हरचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. आकड्याने पत्ता टाकला तर चालते, नावाने टाकला तर नाही, असे लक्षण दिसले की या निवडीवर संशय घ्यावा. ‘आत’ हे नाव दिलेले कार्ड इथे निवडले की विषय मिटतो.

दुसरी तऱ्हा ठरावीक भांडाराची: या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतचे पत्ते पाहुण्यांचे, असे हाताने लिहून द्यायचे. हे भांडार ऑफिसच्याच मालिकेतले असेल तर एक जुनी युक्ती मदतीला येते. ऑफिसमधले यंत्र ‘१९२.१६८.१०.२०५ कोण?’ असे विचारते. तो पत्ता खरा तर कल्याणच्या घरी असतो, पण सर्व्हर ‘मी’ म्हणून उत्तर देतो आणि पाकीट घेऊन बोगद्यात सोडतो. ‘प्रॉक्सी एआरपी’ नावाची ही युक्ती १९८७मध्ये कागदावर आली आणि आजही काम करते. तीत सर्व्हरखेरीज कुठेही काही बदलावे लागत नाही. धोका एकच. तेच पत्ते डीएचसीपीही कुणाला वाटत असेल तर एका पत्त्याची दोन यंत्रे होतात. डीएचसीपीच्या यादीतून तो पट्टा आधी वगळावा लागतो.

मोठ्या ऑफिसात मात्र पाहुण्यांना वेगळी मालिका दिलेली बरी. लॉगमध्ये पाहताच कळते की हा घरून आला आहे, आणि त्याच्यावर वेगळे नियम लावता येतात. समजा ऑफिस १९२.१६८.१० मालिकेत आहे आणि पाहुण्यांना १९२.१६८.५० दिली. लॅपटॉपने फाइल सर्व्हरला विनंती पाठवली, ती पोहोचली. फाइल सर्व्हरने उत्तर तयार केले आणि पाहिले की १९२.१६८.५० आपल्या ओळखीची नाही. त्याने उत्तर आपल्या गेटवेकडे, म्हणजे ऑफिसच्या मुख्य राउटरकडे दिले. राउटरलाही ही मालिका कुठे आहे हे कुणी सांगितलेले नाही. त्याने ते इंटरनेटच्या दिशेने ढकलले आणि खासगी पत्त्याचे ते पाकीट तिथे नाहीसे झाले. घरी बसलेल्याला दिसते ते एवढेच की फाइल सर्व्हर उत्तर देत नाही. लॅपटॉपवर पाहिले तर जोडणी हिरवी, पाठवलेल्या बाइटांचा आकडा वाढतो आहे, आलेल्यांचा जागेवर थांबलेला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे ही या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी सवय आहे. उपाय मुख्य राउटरवर एका ओळीचा: १९२.१६८.५०साठीचे सगळे रिमोट ॲक्सेस सर्व्हरच्या आतल्या पत्त्याकडे द्या. पण राउटर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असतो, कधी तो इंटरनेट कंपनीचा असतो, आणि ही एक ओळ लिहून मिळायला आठवडा लागतो. मग नाइलाजाने सर्व्हरवरच नॅट लावून सगळ्या पाहुण्यांना सर्व्हरच्या एका पत्त्यामागे लपवले जाते. चालते, पण ऑफिसच्या प्रत्येक लॉगमध्ये सगळी माणसे एकाच पत्त्याची दिसू लागतात. ही किंमत मोठी आहे, आणि ती कशासाठी मोजतो आहोत हे निदान लिहून ठेवावे.

क्लाउडवर याच गोष्टीचे आणखी एक रूप भेटते. ॲमेझॉनच्या सेवेत आभासी यंत्राने स्वतःच्या पत्त्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाची पाकिटे हाताळू नयेत असा पहारा मुळात चालू असतो. दुसऱ्यांची पाकिटे वाहणे हेच तर रिमोट ॲक्सेस सर्व्हरचे काम. तो पहारा त्या यंत्रापुरता उठवावा लागतो, आणि तसे केले नाही तर यंत्रावरच्या सगळ्या सेटिंग बरोबर असूनही काही हलत नाही.

सुरुवातीच्या अकाउंटंटचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे परतीची वाट बिघडण्याआधी जायचीच वाट चुकते. फेब्रुवारी १९९६मध्ये खासगी वापरासाठी तीन मालिका राखून ठेवल्या गेल्या: १०ने सुरू होणारी, १७२.१६पासून १७२.३१पर्यंतची आणि १९२.१६८ची. पहिलीत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्ते आहेत. एवढी जागा असताना घरोघरीचे राउटर मात्र १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ या दोन कोपऱ्यांतच दाटीवाटीने बसले आहेत, कारण कारखान्यातून ते तसेच येतात. ऑफिसनेही तीच मालिका ठेवली तर धडक ठरलेली. नवे ऑफिस मांडताना १०.७३.४१ अशी एखादी आडवळणाची मालिका घेतली तर पुढची कितीतरी वर्षे हा त्रास होत नाही. मांडणी झाल्यावर मालिका बदलायची म्हणजे प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचे यंत्र, टॅलीचा सर्व्हर, सगळ्यांना हात लावायचा. आजकाल लॅपटॉपच्या पोटातही अशा धडका होतात: डॉकर हे प्रोग्रामरांचे आवडते साधन आपल्यासाठी १७२.१७ मालिका घेऊन बसते, आणि ऑफिसचे जाळे तिथेच असेल तर त्या प्रोग्रामरला ऑफिस दिसेनासे होते.

धडक टाळण्यासाठी दुसऱ्याची जमीन वापरण्याचा मोहही लोकांना झाला आहे. हमाची या लोकप्रिय व्हीपीएनने आपल्या सदस्यांना ५ने सुरू होणारे पत्ते वाटले, कारण तेव्हा ती मालिका कुणालाच दिलेली नव्हती. २०१०मध्ये ती युरोपच्या नोंदणी संस्थेकडे गेली, खऱ्या संकेतस्थळांना ते पत्ते मिळू लागले आणि हमाची वापरणाऱ्यांना ती स्थळे उघडेनात. २०१२मध्ये हमाचीने २५ने सुरू होणाऱ्या मालिकेत मुक्काम हलवला, आणि ती मालिका ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाच्या नावावर आहे. टेलस्केल ही अलीकडची सेवा १००.६४ची मालिका वापरते. ती एप्रिल २०१२मध्ये इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांच्या सामायिक नॅटसाठी राखून दिलेली असल्याने घरगुती मालिकांशी टक्कर टळते.

पत्ता मिळाला, धडक नाही, परतीची वाट आहे. तरी लॅपटॉपला एक गोष्ट कळायला हवी: कोणती पाकिटे बोगद्यात घालायची. सगळीच घातली तर माणूस घरून जो चित्रपट पाहील तोही ऑफिसच्या लाइनवरून दोनदा जाईल, एकदा येताना आणि एकदा जाताना. २०२०च्या टाळेबंदीत मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउड सेवांची वाहतूक बोगद्याबाहेर ठेवण्याचा सल्ला दिला होता तो याच ओझ्यामुळे. पण विंडोजमध्ये ‘दूरच्या जाळ्याचा गेटवे वापरा’ ही खूण काढली की एक जुनी खोड पुढे येते. लॅपटॉप स्वतःला मिळालेल्या पत्त्यावरून, इंटरनेटच्या बालपणीच्या वर्गवारीप्रमाणे, एकच मार्ग गृहीत धरतो. पत्ता १०ने सुरू होत असेल तर १०ची अख्खी मालिका बोगद्यात जाते. पत्ता १९२.१६८.५०मधला असेल तर फक्त १९२.१६८.५०. वरच्या उदाहरणात ऑफिस १९२.१६८.१०मध्ये होते. म्हणजे पाहुण्याला जिथे जायचे तिथला मार्गच त्याच्याकडे नाही. तो वेगळा शिकवावा लागतो: जोडणीच्या सेटिंगमध्ये लिहून, किंवा डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायातून, ज्यासाठी सर्व्हरच्या ‘इंटर्नल’ कार्डावर डीएचसीपी रिले लावावा लागतो. वायरगार्डमध्ये हा सगळा खटाटोप ‘अलाउड आयपीज’ या एका ओळीत येतो. त्या ओळीतले पत्ते सांगतात की समोरच्याकडे काय पाठवायचे आणि समोरच्याकडून कोणत्या पत्त्याचे स्वीकारायचे. जायची आणि परतीची वाट एकाच ठिकाणी लिहिण्याची ही कल्पना सुरेख आहे, आणि वायरगार्ड इतक्या लवकर रुजण्यात वेगाइतकाच या साधेपणाचा वाटा आहे असे म्हणावेसे वाटते.

एक अडचण पत्त्यांची नाही, पण ती याच खिडक्यांत सोडवावी लागते. इथरनेटवर एका पाकिटाची कमाल लांबी १५०० बाइट. बोगद्यात घालताना पाकिटावर दुसरे पाकीट चढते, तेवढी जागा कमी होते. म्हणून वायरगार्डचे कार्ड १४२० धरून चालते. घरचे ब्रॉडबँड पीपीपीओई पद्धतीचे असेल तर तिथे आधीच १४९२ उरलेले असतात, आणि बोगदा आणखी आठ बाइटांनी आखूड करावा लागतो. केला नाही आणि वाटेतल्या फायरवॉलने ‘पाकीट मोठे झाले’ हा निरोपच अडवला, तर विचित्र लक्षणे दिसतात. विंडोजचा पिंग ३२ बाइटांचा, तो व्यवस्थित जातो. लॉगिनचे पान उघडते. मोठी एक्सेल फाइल उघडायला घेतली की सगळे गोठते. ज्याला हे माहीत नाही तो दोन दिवस सर्व्हर बदलत बसतो.

नावांचाही एक खोडसाळ घोळ आहे. तोच सर्व्हर लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर आणि डीएनएसही असेल, जसे एकाच यंत्रावर सगळे चालवणाऱ्या छोट्या ऑफिसात असते, तर तो आपल्या ‘इंटर्नल’ कार्डाचा पत्ताही स्वतःच्या नावापुढे डीएनएसमध्ये नोंदवतो. मग ऑफिसातच बसलेल्या लोकांची यंत्रे सर्व्हरचे नाव विचारतात आणि त्यांना कधी खरा पत्ता मिळतो, कधी पाहुण्यांच्या दारचा. घरून पहिला माणूस जोडला गेला की ऑफिसातले लॉगिन मंदावते, अशी तक्रार येते. दोन्हींचा संबंध लावायला वेळ लागतो. उपाय एवढाच की त्या कार्डाला डीएनएसमध्ये नाव नोंदवू देऊ नये.

हे सारे करणारा माणूस बहुधा सर्व्हरपुढे बसलेला नसतो, ही या कामातली सर्वांत मोठी जोखीम. तो नागपूरहून पुण्यातल्या यंत्राचे कार्ड बदलत असतो, आणि ज्या दाराने आत शिरला तेच दार दुरुस्त करत असतो. विंडोज सर्व्हरच्या विझार्डमध्ये बाहेरचे कार्ड निवडताना ‘या कार्डावर पाकिटांची गाळणी लावा’ अशी एक खूण आधीच केलेली असते. ती तशीच ठेवून ‘फिनिश’ दाबले की त्या कार्डावर व्हीपीएनखेरीज सगळे बंद होते, आणि ज्या रिमोट डेस्कटॉपवरून हे चालले होते तोही तुटतो. जाळ्याची यंत्रे बनवणाऱ्यांनी यावर चांगले उपाय दिले आहेत. ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हणून बदल लावला आणि दहा मिनिटांत दुजोरा दिला नाही, तर जुनी मांडणी आपोआप परत येते. उबुंटूच्या ‘नेटप्लॅन ट्राय’मध्ये ही मुदत १२० सेकंदांची असते. मायक्रोटिकचा ‘सेफ मोड’ जोडणी तुटताच केलेले बदल मागे घेतो. सिस्कोवर लोक आधी ‘रीलोड इन १०’ लावून ठेवतात आणि सगळे नीट झाले तर ते रद्द करतात. विंडोजवर असे काही नाही; तिथे जुनी मांडणी परत आणणारे शेड्यूल्ड टास्क आधी लिहून ठेवावे आणि मगच कार्डाला हात लावावा.

यात मोठेही अडकतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच खाली आले. तिचा परिणाम आधी तपासणाऱ्या साधनातल्या चुकीमुळे ती अडवली गेली नाही. दुरुस्तीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालेना, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरात जावे लागले. सेवा सुमारे सहा तास बंद होत्या.

पत्ते नीट मांडणे ही सुरक्षिततेचीही बाब आहे, हे अलीकडच्या दोन शोधांनी ठळक केले. ऑगस्ट २०२३मध्ये मॅथी व्हॅनहॉफ आणि सहकाऱ्यांनी ‘टनेलक्रॅक’ मांडला. घरच्या प्रिंटरशी बोलता यावे म्हणून बहुतेक व्हीपीएन स्थानिक जाळ्याची पाकिटे बोगद्याबाहेर ठेवतात. फसव्या वायफायने एखाद्या खऱ्या संकेतस्थळाची मालिकाच ‘स्थानिक’ म्हणून दिली तर तिथली वाहतूक उघड्यावर जाते. मे २०२४मध्ये लेव्हायथन सिक्युरिटीने ‘टनेलव्हिजन’ दाखवला. त्यात हत्यार होता तोच १२१ क्रमांकाचा डीएचसीपी पर्याय, जो २००२पासून नियमांत आहे. जास्त नेमका मार्ग आधी वापरायचा, हा राउटिंगचा मूलभूत नियम असल्याने फसव्या डीएचसीपीने शिकवलेले नेमके मार्ग बोगद्याच्या ढोबळ मार्गावर मात करतात. कूटलेखन अभंग राहते. पाकिटे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. अँड्रॉइड हा पर्यायच ओळखत नसल्याने वाचला.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीबद्दल आपल्याकडे बेफिकिरी परवडणार नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले आणि देशातला आयपीव्ही६चा वापर झपाट्याने वाढला. फोनच्या हॉटस्पॉटवर बसलेल्या माणसाला अनेकदा खरा पत्ता आयपीव्ही६चा मिळतो आणि आयपीव्ही४ सामायिक नॅटमागचा. सर्व्हर बोगद्यात फक्त आयपीव्ही४चा पत्ता देत असेल, तर ‘सगळे बोगद्यातून’ असे ठरवूनही आयपीव्ही६ची वाहतूक बाहेरून जात राहू शकते. विंडोजच्या सर्व्हरवर आयपीव्ही६साठी वेगळे पान आहे आणि तिथे पाहुण्यांसाठी एक प्रीफिक्स लिहावा लागतो. बहुतेक ठिकाणी ते पान कोरे असते. मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये डायरेक्ट ॲक्सेस हे रिमोट ॲक्सेसचे साधन आणले ते आयपीव्ही६च्या पायावरच. त्याच्या पहिल्या रूपात सर्व्हरच्या बाहेरच्या कार्डाला लागोपाठचे दोन सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ते लागत, आणि ते लागोपाठ आहेत की नाहीत हे अक्षरांच्या क्रमाने ठरे. शब्दकोशात १० हे ९च्या आधी येते, म्हणून ९ आणि १०ने संपणारी जोडी चालत नसे. सर्व्हर २०१२ने दोन पत्त्यांची ती अटच काढून टाकली. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने पीपीटीपी आणि एल२टीपी हे जुने प्रोटोकॉल निरोपाच्या यादीत टाकले. सर्व्हर बदलायची वेळ आलेल्या ऑफिसांना आयकेई-व्ही२ किंवा एसएसटीपीकडे जाताना पत्त्यांची मांडणी नव्याने तपासण्याची ही चांगली संधी आहे.

भांडार ठरवताना आता कायद्याकडेही पाहावे लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना, कोणत्या ग्राहकाला कोणता आयपी पत्ता दिला याची नोंद पाच वर्षे ठेवायला सांगितले. ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला ते कलम लागू नाही, असे नंतर स्पष्ट झाले. पण यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवणे, घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवणे आणि घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवणे हे ऑफिसांनाही बंधनकारक आहे. रात्री सव्वाअकराला १९२.१६८.५०.१७ या पत्त्यावरून पगाराची फाइल उघडली गेली, तेव्हा तो पत्ता कुणाकडे होता, हे सहा तासांत सांगायचे असेल तर दोनच गोष्टी उपयोगी पडतात: पाहुण्यांची वेगळी मालिका, आणि रिमोट ॲक्सेस सर्व्हर व फाइल सर्व्हर यांची सेकंदाला सेकंद जुळणारी घड्याळे. सगळ्यांना एका पत्त्यामागे लपवणारे नॅट लावलेले असेल, तर फाइल सर्व्हरच्या लॉगमध्ये तो १७ उमटलेलाच नसतो.